आधी वस्ती उठली, मग थिएटर



ज्यांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांनी उभं आयुष्य गिरगावातल्या एका वाचनालयात पुस्तकं सांभाळण्यात घालवलं. त्यांच्या संग्रहातली मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तू मात्र वाचनालयाच्या कपाटात नव्हती. ती त्यांच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होती. सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या. थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळायच्या त्या. पातळ कागद, वर नायिकेचं दोन रंगांत छापलेलं चित्र, आत कथेचा सारांश. तो सारांश ऐन भरात आलेला असताना तोडलेला, आणि पुढचं पडद्यावर पाहा अशी सूचना. मग गाणी. मधोमध मारलेल्या टाचणीचा गंज कागदात उतरलेला. प्रत्येक चोपडीच्या मागच्या पानावर त्यांनी शिसपेन्सिलीनं एक ओळ लिहून ठेवली होती. थिएटर कोणतं, खेळ कितीचा, बरोबर कोण. सेंट्रल, सहाचा खेळ, आई आणि शेजारच्या काकू. मॅजेस्टिक, मॅटिनी, एकटा. चित्रपट कसा वाटला, हे कुठेही नाही.

जुन्या चोपड्या जमवणारे लोक त्या वरच्या चित्रासाठी घेतात. मी मात्र त्या मागच्या ओळी वाचत बसलो, आणि आजचा विषय मला तिथेच मिळाला. चित्रपटांचा इतिहास आपल्याकडे बरा लिहिला गेला आहे. नट, दिग्दर्शक, संगीतकार, कंपन्या यांच्यावर ग्रंथ आहेत, पुरस्कार आहेत, टपालाची तिकिटं आहेत. पण तो चित्रपट लोकांनी कुठे बसून पाहिला, त्या जागेचं पुढे काय झालं, तिथं काम करणारी माणसं कोण होती, याची नोंद ठेवायची असते असं कुणाला वाटलं नाही. आणि गिरगावकरांनी तरी ती ठेवायला हवी होती, कारण या देशातला सिनेमा याच गल्ल्यांत वाढला.

सुरुवात इथे झाली नाही, हे खरं. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं प्रथम दाखवली गेली ती काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात. तिकीट १ रुपया.  पण आठवड्याभरातच तेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि तिथं दर ४ आण्यांपासून सुरू झाले, पडदा पाळणाऱ्या बायकांसाठी वेगळे बॉक्सही ठेवले गेले. हा बदल मला त्या पहिल्या खेळाहून मोठा वाटतो. हॉटेलातला प्रयोग साहेबांसाठी होता. चार आणे आणि बायकांची बसायची सोय, या दोन गोष्टी झाल्या तेव्हा सिनेमा वस्तीच्या दिशेनं निघाला.

गिरगावात तो पोचला आणि काय झालं पाहा. १९१०-११च्या सुमाराला अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाच्या इथल्या थिएटरात धुंडिराज गोविंद फाळके चित्रपट पाहायला गेले. आधी मुलाला घेऊन, मग पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन. पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र होतं आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहू लागले, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण ती सांगताना आपण एक तपशील हातचा सोडतो. फाळके तेव्हा याच भागात राहत होते. छापखान्याच्या भागीदारीतून बाहेर पडलेला, पुढे काय करावं या विवंचनेत असलेला एक माणूस घराजवळच्या थिएटरात शिरला. ते थिएटर घराजवळ नसतं, तर त्या मनःस्थितीतला माणूस मुलाला घेऊन तिथे गेला असता का? नक्की कोण सांगणार? मला मात्र वाटतं की शेजारी थिएटर असण्याचा या घटनेत फाळक्यांच्या प्रतिभेइतका नसला तरी मोठा वाटा आहे.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी सँडहर्स्ट रोडवरच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग तो हाच. त्याच कोरोनेशनमध्ये आदल्या वर्षी, १८ मे १९१२ला, दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ लागला होता. कोणाला पहिला म्हणायचं यावर अभ्यासकांचे वाद आहेत आणि ते चालू राहोत. दोन्ही बाजूंचे चित्रपट एकाच पत्त्यावर लागले होते, याकडे वाद घालणाऱ्यांचं लक्ष जात नाही. कोरोनेशन हे निव्वळ सिनेमागृह नव्हतं. तिथं चित्रपटाच्या जोडीला नाच, नकला, कसरती असा भरगच्च कार्यक्रम असे. आज त्या इमारतीचा दगडही जागेवर नाही.

मॅजेस्टिकच्या गोष्टीचा शेवट तर माझ्या पिढीतल्या पुष्कळांच्या डोळ्यांदेखत घडला. १४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ मॅजेस्टिकला लागला आणि हिंदुस्थानचा सिनेमा बोलायला लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. रांगेची सवय तोवर थिएटरांनाही नव्हती आणि लोकांनाही नव्हती. खिडकीवर नुसती झुंबड असे. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी चित्रपटही बोलू लागला. आज ‘आलम आरा’ची एकही प्रत कुठल्याही संग्रहालयात शिल्लक नाही. आणि मॅजेस्टिकही नाही. सत्तरच्या दशकात ते पडलं आणि तिथं मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभं राहिलं. चित्रपट गेला, तो जिथे लागला ती जागाही गेली, नाव तेवढं दुकानांच्या पाटीवर आहे. ते नाव आणखी एका ठिकाणी राहिलं. केशवराव कोठावळ्यांनी थिएटरच्या सावलीत पुस्तकं विकायला सुरुवात केली आणि तेच नाव घेतलं. मराठीतली एक मोठी प्रकाशनसंस्था एका सिनेमाघराच्या नावावर चालते, ही गोष्ट या गावाला शोभणारी आहे.

चर्नी रोड स्टेशनच्या अंगाला सेंट्रल. १९३६ साली ‘संत तुकाराम’ तिथं लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. पुढे व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, त्याचं कौतुक आपण करतो, करावंच. पण एक चित्रपट एका थिएटरात वर्षभर चालतो म्हणजे काय होतं? मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाकडे गावाहून आईवडील येतात, देवदर्शन होतं, राणीचा बाग होतो, आणि एका संध्याकाळी सेंट्रलला विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम होतो. वर्षभर ही माणसं येत राहिली. त्यांतल्या कित्येकांनी त्याआधी कधी सिनेमा पाहिलेला नसेल. पुढे १९७५ साली काळबादेवीच्या एडवर्डमध्ये ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत जात, पडद्यावर नाणी आणि फुलं टाकत. याला हसणाऱ्यांपैकी मी नाही. ज्यांनी तुकारामाला हात जोडले, त्यांच्याच घरातल्या पुढच्या पिढीतली ही माणसं होती.

आता थोडं थिएटरच्या आत जाऊ. माझ्या मते खरा इतिहास तिथं आहे.

चाळीतली खोली दहा बाय बाराची, माणसं आठ-नऊ. पुरुषांना गॅलरी होती, नाका होता, व्यायामशाळा होती, गणपतीचं मंडळ होतं. बायकांना? नळ, चूल आणि हळदीकुंकू. या वस्तीत एका बाईला काहीही काम न करता तीन तास बसता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे तिकीट काढून मिळालेली खुर्ची. माझी आई दुपारचं आवरून, चार वाजताच्या पाण्याची जबाबदारी शेजारणीवर टाकून मॅटिनीला जायची. पुढच्या खेपेला शेजारीण जायची आणि पाणी आई भरायची. कुठला चित्रपट आहे यापेक्षा पाळी कोणाची आहे हे महत्त्वाचं असे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे चालायचं, कारण थिएटर चार पावलांवर होतं, डोअरकीपर ओळखीचा होता. तो मुलांनाही ओळखायचा. शाळा बुडवून आलेल्या पोराला तो आत सोडायचा, पण संध्याकाळी घरी कळलेलं असायचं.

आणि वर केबिनमध्ये ऑपरेटर. त्याच्याविषयी मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण त्याचं काम प्रेक्षकांपैकी कुणी पाहिलेलं नसे. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर. दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर. त्यांची टोकं टेकवून जराशी दूर केली की मध्ये विजेची ज्योत धरते, नुसत्या डोळ्यांनी पाहवत नाही अशी पांढरी. कांड्या जळतात तसं अंतर वाढतं, म्हणून त्या सारख्या पुढे सरकवत राहावं लागे. हात चुकला की पडदा पिवळा पडायचा आणि पिटातून शिट्ट्या सुरू. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, म्हणून दोन-दोन रिळं जोडून वीस-बावीस मिनिटांचा भाग करत. तो संपत आला की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की एकाची झडप बंद आणि दुसऱ्याची उघडी, एकाच क्षणी. नायिकेच्या डोळ्यातलं पाणी एका प्रोजेक्टरवरून निघून दुसऱ्यावर गालावर उतरायचं आणि खाली बसलेल्या बाईला त्याचा पत्ता नसायचा. चार खेळ, रोज. उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये अंगावर बनियनसुद्धा नको व्हायचं. जुनी नायट्रेटची फिल्म होती तोवर आगीची धास्ती वेगळी. ती फिल्म भडका घ्यायची, म्हणून केबिनच्या खिडक्यांना लोखंडी झडपा असत. आग लागलीच तर ती केबिनमध्येच कोंडावी आणि प्रेक्षक वाचावेत, अशी ती रचना होती. ऑपरेटर आत असायचा, हे लक्षात घ्या.

प्रोजेक्टर डिजिटल झाले, रिळांच्या पेट्या यायच्या बंद झाल्या आणि ही कला दोन-चार वर्षांत संपली. हातात ती कला असलेली माणसं अजून आहेत. यावर मी शेवटी येतो.

लालबागला हेच चित्र वेगळ्या चौकटीत होतं. भारतमाता हे थिएटर गिरणीच्या जागेत, इंडिया युनायटेडच्या आवारात. तिथला प्रेक्षक पाळीवरून सुटून यायचा, अंगावर कापसाची तूस घेऊन. मराठी चित्रपटाला हक्काचं घर कुठलं असं विचारलं तर गिरणगावातला माणूस भारतमाताचं नाव घ्यायचा, दादरकर प्लाझाचं. हक्काचं घर हा शब्द मी जपून वापरतो आहे. मुंबईत थिएटर आठवड्याच्या भाड्यावर मिळायचं, चित्रपट चालो न चालो भाडं भरायचं, आणि मोठा हिंदी चित्रपट आला की मराठीला उठवायचं. १९७१ साली दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूरमधून असाच मागे सारला जात होता, तेव्हा शिवसेना रस्त्यावर उतरली आणि चित्रपट लागला. त्या आंदोलनाचं राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. आपल्या भाषेचा चित्रपट आपल्या वस्तीतल्या थिएटरात लागला पाहिजे, यासाठी माणसं भांडायला तयार होती.

पुण्याचं एकच उदाहरण देतो. मंडईजवळचं आर्यन, १९१५ साली सुरू झालेलं. १९२० साली बाबुराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ तिथं लागला. लोकमान्यांनी तो पाहिला आणि बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९८३मध्ये आर्यन बंद झालं, पाडलं गेलं. आज तिथं वाहनतळ आहे आणि लोक त्याला आर्यनच म्हणतात. गाडी लावणाऱ्या तरुणाला ते नाव कुठून आलं हे सांगणारी पाटी तिथं असायला काय हरकत आहे?

ही थिएटरं का गेली? या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आपल्या तोंडी असतं. आधी टीव्ही आला, मग व्हिडिओ, मग केबल, मग मल्टिप्लेक्स, आणि आता मोबाइल. यातलं काही खोटं नाही. मुंबईत तिकिटावरचा करमणूक कर जबर होता. २००१च्या धोरणानं मल्टिप्लेक्सना पहिली काही वर्षं त्यात सूट मिळाली आणि शेजारचं जुनं थिएटर पूर्ण कर भरत राहिलं. हा अन्याय होता असं मी स्पष्ट म्हणतो. पण या उत्तरात मॅजेस्टिक बसत नाही. मॅजेस्टिक पाडलं गेलं तेव्हा रंगीत टीव्ही यायला अवकाश होता, व्हिडिओ पार्लर कुणी पाहिलं नव्हतं आणि मल्टिप्लेक्स हा शब्द माहीत नव्हता. लॅमिंग्टन रोडवर मिनर्व्हामध्ये ‘शोले’ १९७५ला लागून पाच वर्षं चालला, म्हणजे प्रेक्षक भरपूर होता. मग मॅजेस्टिक का पडलं? जमिनीसाठी. हजार खुर्च्यांखालची जमीन दुकानांच्या गाळ्यांत जास्त पैसे देऊ लागली होती.

आणि त्याच सुमाराला गिरगाव रिकामं व्हायला लागलं होतं. १९४७च्या भाडे कायद्यानं चाळींची भाडी गोठली. त्यामुळे भाडेकरू तगला, पण चाळीची डागडुजी थांबली. घरातला थोरला मुलगा लग्न करून बोरिवलीला गेला, धाकटा डोंबिवलीला. खोलीवर म्हातारी माणसं राहिली, मग खोली विकून तीही गेली. जी बाई मॅटिनीला जायची ती आता विरारच्या गाडीत होती. तिची सून दादरला गाडी बदलते, तिला तीनच्या खेळाला कोण बोलावणार? लालबाग-परळमध्ये हेच फार क्रूर रीतीनं झालं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बहुतेक पुन्हा पाळीवर गेलेच नाहीत. पाळी नाही, तर पाळीनंतरचा खेळ कुठला?

तेव्हा क्रम असा आहे. वस्ती आधी उठली, थिएटर नंतर. थिएटर गेल्यामुळे वस्तीची रया गेली असं आपण हळहळून म्हणतो, ते उलटं आहे. वस्तीतलं थिएटर चालायचं ते चालत येणाऱ्या माणसांवर. ती माणसं साठ-साठ किलोमीटर लांब फेकली गेली, त्यानंतर तिथं कितीही गुबगुबीत खुर्च्या बसवल्या असत्या तरी भागलं नसतं. म्हणून केवळ इमारत वाचवण्याच्या मोहिमांबद्दल माझं मन द्विधा आहे. ऑपेरा हाउसचा जीर्णोद्धार होऊन २०१६ साली त्याचे दरवाजे पुन्हा उघडले, काम देखणं झालं आहे, मी जाऊन पाहिलं आणि आनंद झाला. पण समोरच्या गल्लीतला माणूस तिथं सहज शिरेल का, हा प्रश्न बाहेर पडताना माझ्याबरोबर आला. प्रत्येक थिएटर वाचवा, असं मी म्हणत नाही. इमारत वाचवायची असेल तर तिच्या चार पावलांवर राहणाऱ्याला परवडेल असा एक तरी खेळ तिथं रोज असला पाहिजे. तो नसेल तर आपण नुसता दर्शनी भाग जपला.

जे गेलं त्याची नोंद मात्र अजून करता येईल, आणि त्यासाठी आपल्याला सरकारची वाट पाहायला नको. प्रत्येक थिएटरात रोजच्या जमेचा एक तक्ता भरला जायचा, डी. सी. आर. म्हणत त्याला. कोणत्या खेळाला कोणत्या वर्गाची किती तिकिटं गेली, कर किती, हाती किती आलं. वितरकाला एक प्रत जायची, करखात्याला एक. थिएटरच्या कचेरीत एक राहायची, आणि ती थिएटर पाडताना रद्दीत जायची. मी अशी एकच वही जवळून पाहिली आहे. एका श्रावणातल्या सोमवारी मॅटिनीची बाल्कनी रिकामी आणि लगेचच्या मंगळवारी, ऐन मंगळागौरीच्या दिवशी, ती भरलेली, हे त्या आकड्यांत दिसतं. जागरणाच्या आधी बायका सिनेमाला जाऊन आल्या होत्या की काय? कुठल्याही चित्रपट-समीक्षेत हा प्रश्नच उद्भवत नाही. अशा वह्या कुणाच्या तरी घरात, कुठल्या तरी माळ्यावर आहेत. बुकिंग क्लार्कच्या मुलाकडे असतील, मॅनेजरच्या जावयाकडे असतील. ऑपरेटरला सरकारी परवाना लागायचा, फोटो लावलेला. ते परवाने आहेत. काचेच्या जाहिरात स्लाइड आहेत. त्यांवर इथल्याच शिंप्यांची, डॉक्टरांची, लग्नाच्या हॉलची नावं आहेत.

व्याख्यानमालेच्या चालकांशी माझं बोलणं झालं आहे. वाचनालयाच्या तळमजल्यावरची मागची खोली या कामासाठी द्यायला त्यांनी होकार दिला आहे. एक कपाट आहे, एक स्कॅनर आहे. येत्या सोमवारपासून संध्याकाळी सहा ते आठ मी आणि दोन तरुण मंडळी तिथं बसणार आहोत. घरी काही असेल तर घेऊन या, स्कॅन करून मूळ कागद तुमच्या हातात परत देऊ. काही नसेल आणि ओळखीत एखादे जुने ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंग क्लार्क असतील तर त्यांना घेऊन या. जिने चढायला लागणार नाहीत. त्यांना वेळ लागेल, सांगताना ते मागेपुढे करतील, चित्रपटाचं नाव चुकवतील. ते आपण नंतर लावून घेऊ. आधी त्यांना बोलू द्या.